स्टिलिको: पश्चिम रोमचा कारभारी

स्टिलिकोचे वडील व्हॅन्डल होते, आणि एवढ्या एका गोष्टीवरून सोळाशे वर्षं त्याचा निवाडा होत आला आहे. संत जेरोमने त्याला अर्धरानटी गद्दार ठरवलं. मुलाला गादीवर बसवण्यासाठी यानेच टोळ्यांना चिथावलं, असा आरोप इतिहासकार ओरोसियसने केला. उत्तरकालीन रोमचा अभ्यासक म्हणून मला हा निवाडा मुळीच मान्य नाही.

त्याची आई रोमन आणि वडील रोमच्याच घोडदळातले अधिकारी. तरुणपणी तो सम्राट थिओडोसियसच्या शिष्टमंडळातून इराणच्या दरबारी गेला. पुढे सम्राटाच्या पुतणीशी, सेरेनाशी, त्याचं लग्न झालं. जानेवारी 395 मध्ये मिलान इथे थिओडोसियस वारला. थोरला मुलगा आर्केडियस कॉन्स्टँटिनोपलला राज्य करत होता आणि पश्चिमेच्या वाट्याला आला दहा वर्षांचा होनोरियस. मरताना सम्राटाने दोन्ही मुलं माझ्या हाती सोपवली, असं स्टिलिको सांगे. पूर्वेच्या दरबाराला ते कधीच पटलं नाही. 397 मध्ये त्यांनी त्याला राज्याचा शत्रू म्हणून जाहीर केलं. माझ्या मते त्याच्या संकटांचं मूळ इथे आहे: सारी सत्ता हाती, पण ती दुसऱ्याच्या नावाने चालवायची.

दुसरी अडचण माणसांची. 394 च्या फ्रिगिडसच्या लढाईत रोमन सैन्य आपसातच कापलं गेलं होतं. नवी भरती करावी, तर बडे जमीनदार सिनेटर आपली कुळं सोडायला तयार नव्हते; त्याऐवजी पैसे भरून मोकळे होत. मग गॉथांचा राजा अलारिक इटलीत घुसला, तेव्हा स्टिलिकोला ऱ्हाईनकाठची ठाणी रिकामी करून फौज आणावी लागली. 402 च्या ईस्टरला पोलेन्शियाजवळ त्याने अलारिकला अडवलं, पुढे व्हेरोनाजवळ हरवलं. पण संपवलं नाही. टीकाकार इथे फितुरी पाहतात. मला दिसते ती गरज. उद्या अलारिकचीच फौज आपल्याला लागणार, हे तो ओळखून होता. 406 मध्ये गॉथ सरदार राडागायससला मारल्यावर त्याच्या बारा हजार योद्ध्यांना त्याने रोमच्या चाकरीत घेतलं, तेही याच हिशेबाने.

त्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी व्हॅन्डल, अलान आणि सुएबी ऱ्हाईन ओलांडून आले. 408 मध्ये अलारिकला चार हजार पौंड सोनं द्यावं, असं स्टिलिकोने सिनेटची मोठी नाखुशी असतानाही तिच्याकडून मंजूर करून घेतलं. दरबारी ऑलिम्पियसने त्याच्याविरुद्ध होनोरियसचे कान भरले. 13 ऑगस्टला टिसिनमच्या छावणीत स्टिलिकोच्या माणसांची कत्तल झाली. तो स्वतः रावेनाच्या चर्चमध्ये आश्रयाला गेला. तिथून त्याला बाहेर काढलं, तेव्हा सोबतचे लोक शस्त्र उचलायला निघाले होते; त्यानेच त्यांना थांबवलं. 22 ऑगस्टला त्याचा शिरच्छेद झाला. गद्दार असा मरत नाही. रोमच्या फोरममधल्या विजयलेखातून त्याचं नावही छिन्नीने काढून टाकलं.

त्यानंतर इटलीच्या शहरांतून रोमच्याच चाकरीतल्या परकीय सैनिकांच्या बायकामुलांना कापून काढण्यात आलं. इतिहासकार झोसिमस सांगतो की असे तीस हजारांवर सैनिक अलारिकला जाऊन मिळाले. 24 ऑगस्ट 410 रोजी अलारिकने रोम लुटलं. स्टिलिको होता तोवर त्याला या शहराच्या तटापर्यंत एकदाही पोचता आलं नव्हतं.