तिथीची पाऊणपट

आम्ही डिंगोऱ्याची माणसं. माळशेज घाट उतरला की कोकण, पण भरतीचं गणित आम्हाला कुठून ठाऊक? रेवसच्या म्हाताऱ्या नाखवानं ते सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. बीजेला दीड, अष्टमीला सहा. दिवसा तशी रात्रीही.

त्याच्या लेकाकडं भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आकड्यांचा छापील कागद होता. मुंबईच्या अपोलो बंदराची वेळ मिनिटांत, पाण्याची उंची मीटरमध्ये. ताडून पाहिलं तर थोडा फरक. चंद्राची चाल रोज सारखी नसते, तिथी लहानमोठी होते.

"मग खरं कुणाचं धरायचं, नाखवा?"

"दादा, भरती कधी भरंल ते दोन्ही सांगतात. खाडीतली ओढ कधी फिरंल ते नाय सांगत. पाणी चढायचं थांबलं तरी ओढ चालूच असते. उधाणाला जोराची, भांगाला मऊ."

तो नांगरलेल्या होडीकडं बघायचा. तिचं तोंड फिरलं, की मगच माणसं घ्यायचा.

आमच्या कालव्याच्या आवर्तनाचीही तारीख कागदावर असते. टेलच्या वावरात पाणी पोचेल तेव्हा खरं. पण इथं कागद चुकला तर पीक वाळतं, तिथं माणसं जातात.