नादखुळ्यांचे दागिने

आमच्या घरातला जुना कॉम्प्युटर मी भंगारवाल्याला दिला, तेव्हा लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. माझा हिशेब साधा. माळ्यावरची अडगळ कमी झाली, वर दीडशे रुपये मिळाले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, त्यातल्या मदरबोर्डवर मी वर्षभर डोळा ठेवला होता. त्याच्यात आठ जोड कानातले निघाले असते."

कानातले? मदरबोर्डचे?

तोपर्यंत तिचा हा उद्योग म्हणजे सुट्टीतला चाळा, असंच मी समजत होते. बेळगावात इंजिनियरिंग केलं, बेंगळुरूला नोकरी लागली, आणि कोविडच्या वर्षी लॅपटॉप घेऊन ती निपाणीला परत आली. दिवसा ऑफिसचं काम आणि रात्री मागच्या खोलीत ही कापाकापी. हिरव्या सर्किट बोर्डचे तुकडे, कीबोर्डची बटणं, रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर. या छंदाच्या माणसांना इंग्रजीत गीक म्हणतात म्हणे. मराठीत शब्द नाही, असं ती म्हणाली. नसायला काय झालं? आमच्याकडे कोल्हापूरपासून निपाणीपर्यंत 'नादखुळा' म्हणतात! एखाद्या गोष्टीच्या नादानं खुळं झालेलं माणूस. तिला शब्द इतका आवडला, की तिनं तो डब्यांवर लिहून टाकला.

काम मात्र खुळ्यासारखं नव्हतं. बोर्डात काचेचे धागे असतात, कापताना त्यांची धूळ छातीत जायला नको म्हणून तोंडाला मास्क. कडा पाण्याखाली धरून घासायच्या. जुन्या बोर्डाच्या झाळणीत शिसं असतं, म्हणून वरून पारदर्शक रेझिनचा थर. माझ्या लग्नाच्या रुखवतात मी मण्यांचा ताजमहाल केला होता, त्यालाही मी एवढी जपले नव्हते.

खरा खप व्हायचा तो हॅरी पॉटरच्या पदकांचा. त्रिकोण, त्याच्या आत वर्तुळ, मधून उभी रेघ. २००७ साली आलेल्या सातव्या पुस्तकातलं ते चिन्ह. त्रिकोण म्हणजे अदृश्य करणारी शाल, वर्तुळ म्हणजे मेलेल्याला बोलावणारा खडा आणि रेघ म्हणजे छडी. बेंगळुरूला कॉमिक कॉन भरतं, तिथं ही पोरं असले दागिने शोधत हिंडतात. भारतात ते २०११ साली दिल्लीत पहिल्यांदा भरलं. तिथं एकाच्या गळ्यात ते पदक दिसलं की दुसरा अनोळखी हसतो, एवढंच. मला नवल वाटलं नाही. महावीरांच्या निर्वाणाला अडीच हजार वर्षं झाली तेव्हा सगळ्या पंथांनी मिळून एक चिन्ह ठरवलं. लोकाकाशाची आकृती, स्वस्तिक, तीन ठिपके आणि वर सिद्धशिलेची कोर. परगावी एखाद्या गाडीच्या काचेवर ते दिसलं की मीसुद्धा आत डोकावून बघतेच की.

चांदीत करायची म्हणून आम्ही दोघी हुपरीला गेलो. हुपरी म्हणजे चांदीचं गाव. एका घरात तार ओढतात, दुसऱ्या घरात घुंगरू घडतात, तिसऱ्या घरात बायका पैंजणाच्या कड्या जोडत बसतात. ज्या काकांकडे गेलो त्यांनी कागदावरचं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"अक्का, हे कुठल्या देवाचं?"

"देवाचं नव्हे काका, गोष्टीतलं आहे."

"मग बरं. देवाचं असतं तर माप चुकून चाललं नसतं."

चाळीस पदकं करायला टाकली. परत येताना बसमध्ये मी सहज विचारलं, "हे चिन्ह विकायची परवानगी असते का गं?" ती गप्प. रात्री तिनंच सांगितलं, हॅरी पॉटरचं नाव, चिन्हं हे सगळं वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचे ट्रेडमार्क आहेत. "पण सगळेच करतात, आई. त्यांना कळतसुद्धा नाही."

मी पटकन बोलून गेले, "कळत नाही म्हणून घेतलेल्यालाच तर आपल्यात अचौर्य व्रताचा भंग म्हणतात."

बोलायला नको होतं. तिनं साठवलेले पैसे त्या चांदीत अडकले होते. शिवाय रेशमात किडे मरतात म्हणून पोत सुती दोऱ्यात ओवून घेणारी, मोती शिंपल्याचा जीव घेतो म्हणून न वापरणारी हीच पोर. तिला मी व्रत शिकवायला निघाले होते! आणि आमच्या घरातल्या पेनड्राइव्हमध्ये भरलेले सिनेमे काय विकत घेतलेले होते? ते तिनं मला ऐकवलंच. हे पेपर पुढ्यात धरून बसले होते, पण हसताना पेपर हलत होता.

पुढचे आठ-दहा दिवस घरात कामापुरतं बोलणं. मग मला अण्णांची आठवण झाली. माझे वडील गणिताचे मास्तर. त्यांच्या कपाटात 'गणितसारसंग्रह' होतं, सोलापूरच्या जीवराज ग्रंथमालेनं १९६३ साली हिंदी अनुवादासह काढलेलं. महावीराचार्य नवव्या शतकातले, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातले, आपल्या कर्नाटकातले. गुणाकाराच्या प्रकरणात त्यांनी अशी उदाहरणं दिलीत, की उत्तर दोन्हीकडून सारखंच वाचता यावं, आणि अशा उत्तराला ते चक्क गळ्यातला हार म्हणतात. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. २७९९४६८१ गुणिले ४४१ म्हणजे १२३४५६५४३२१. अण्णा लहानपणी मला पाटीवर हे करायला लावत. मी रडत करायची, बी.ए.ला मराठी घेतलं ते काही उगीच नव्हे.

पुस्तक मी तिच्या टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळानं आतून हाक आली, "आई, रेझिस्टर!"

रेझिस्टरवर अंक रंगात लिहितात. एक तपकिरी, दोन तांबडा, तीन नारिंगी, चार पिवळा, पाच हिरवा, सहा निळा. ती उतरत्या-चढत्या संख्येचे अकरा मणी मांडून बसली होती. तपकिरीपासून निळ्यापर्यंत चढत जायचं आणि तसंच उतरायचं. जवळजवळ इंद्रधनुष्यच. मधे मधे हुपरीच्या काकांचे चांदीचे घुंगरू. पटवेकऱ्यानं सुती दोऱ्यात गाठवून दिलं आणि विचारलं, "याची उजवी बाजू कुठली?" लेक म्हणाली, "दोन्ही."

पहिला हार मी घातला. स्तवनिधीला दर्शनाला गेले होते, तिथं पॉलिटेक्निकला शिकणारा एक मुलगा चपला काढता काढता थबकला, बोटानं हवेत मोजलं आणि म्हणाला, "काकू, एक दोन तीन चार पाच सहा... अन् परत खाली?" त्याच्या आईनं त्याला दटावलं, बायकांच्या गळ्याकडे असं बघतात का म्हणून.

हारांना मागणी आहे, पण पदकांइतकी नाही. ते नुकसान झालंच. चाळीसपैकी सतरा पदकं अजून माझ्या कपाटात आहेत. तेवीस तिनं आधीच पाठवून दिली होती, त्याबद्दल मी विचारत नाही. वितळवायला दे, असं मात्र माझ्याच्यानं म्हणवत नाही. काकांनी माप अगदी बरोबर घेतलंय.