सहाचा हिशेब

एका खासदारामागे सहा आमदार, हा आपल्या महाराष्ट्राचा सरळ हिशेब. खासदार ४८, आमदार २८८. नांदेड जिल्ह्याला आमदार ९. सहा घरात ठेवले, उरलेले तीन शेजाऱ्यांकडे गेले. किनवट नि हदगाव हिंगोलीकडे, लोहा लातूरकडे. लातूर जिल्ह्याला तर नेमके सहाच! तरी लोहा आत आणि औसा बाहेर, उस्मानाबादेत. अर्थात २००८ च्या फेररचनेत रेणापूर व हेर या मतदारसंघांची नावेच पुसली गेली. त्यामानाने आमचे बरे म्हणायचे.

ताईला लोह्याकडे दिलेली, मी औशाचा. गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर तिने तबकाखालून एक अर्ज काढला. ओढ्याला पूर आला की पोरांची शाळा बुडते, पूल हवा.

"तू लातूरचा. तुमच्या खासदारांच्या हाती दे."

"अगं ताई, लातूरचे खासदार तुझे! माझे उस्मानाबादचे."

"अन् माझं कलेक्टर हापीस नांदेडला!"

ताई हसली, पण अर्ज काही तिने परत घेतला नाही. मीही मुकाट्याने खिशात घातला. औशाला परतताना लातूर वाटेवरच लागते.