घरटं, हौद आणि उंदीर

उंदराला आपणहून अल्झायमर होत नाही. आयुष्य जेमतेम दोन-तीन वर्षांचं, आणि त्याच्या अमायलॉइड-बीटा प्रथिनात तीन अमिनो आम्लं माणसापेक्षा वेगळी. त्यामुळे ते गोळा होऊन साचत नाही. म्हणून ज्या घराण्यांत हा आजार ऐन उमेदीत गाठतो, त्यांच्यातलं सदोष जनुक उंदरात घालतात. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या 'टीजी 2576' उंदरात स्वीडिश कुटुंबांत सापडलेला दोष आहे. 2006च्या 'फाइव्ह एक्स फॅड'मध्ये असे पाच दोष एकत्र. दोन महिन्यांच्या वयातच मेंदूत अमायलॉइडचे साचलेले गोळे, म्हणजे प्लाक, दिसू लागतात. माणसांतल्या बहुतेक रुग्णांचा आजार मात्र असा एका जनुकातून आलेला नसतो.

•

अशा उंदरांच्या वागण्याच्या चाचण्यांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती घरट्याची चाचणी. दिवे मालवण्याआधी तासभर पिंजऱ्यात दाबलेल्या कापसाची चौकोनी वडी ठेवायची आणि सकाळी गुण द्यायचे. वडीला जवळपास हातच लागलेला नसेल तर एक. कापूस नीट पिंजून, मध्ये खोलगट जागा करून, कडा उंदराच्या अंगापेक्षा उंच उभारल्या असतील तर पाच. रोगाचं जनुक असलेल्या कितीतरी उंदरांचे गुण इथे घसरतात. कापूस कुरतडून अर्धवट सोडलेला असतो, आणि उंदीर तसाच उघड्यावर झोपलेला. ना भीती, ना शिक्षा, ना पाण्यात पोहणं. रोजचं काम जमतंय का, एवढंच पाहायचं. घरातल्या रुग्णाचंही बऱ्याचदा असंच कळतं: नावं आठवत असतात, पण स्वयंपाकाचा क्रम चुकायला लागतो.

•

स्मरणशक्ती तपासणारा, शास्त्रज्ञ रिचर्ड मॉरिस यांचा पाण्याचा हौद 1981पासूनचा. गढूळ केलेल्या पाण्याखाली एक चौथरा लपवलेला. भिंतीवरच्या खुणा पाहून उंदराने तो शोधायचा. इथे एक फसगत होते. काही वाणांत डोळ्याचा पडदा निकामी करणारं जनुक असतं. आंधळा उंदीर खुणा पाहणार कशा? त्याची भटकंती विसराळूपणा म्हणून नोंदली जाऊ शकते. म्हणून दिसणाऱ्या चौथऱ्याची चाचणी हवीच.

•

अल्झायमरचं जनुक घातलेले उंदीर मंदच होतात असं नाही. बरेच जण उलट जास्त धावतात, बेचैन असतात. 2007 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेत अशा उंदरांच्या मेंदूच्या लहरी नोंदल्या, तेव्हा वरून न दिसणारे अपस्माराचे झटके सापडले.

•

2016, एमआयटी, सुसुमु टोनेगावा यांचा गट. आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले उंदीर विजेचा झटका बसलेली जागा दुसऱ्या दिवशी ओळखेनात. पण ती आठवण जिथे नोंदली गेली होती, त्याच पेशी प्रकाशाने चेतवल्यावर ते भीतीने थिजले. म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती. तिथवर पोचता येत नव्हतं. हे वाचून मी बराच वेळ दुसरं काही वाचलं नाही.

•

1999मध्ये अमायलॉइडविरुद्धची लस देऊन उंदरांतले प्लाक रोखले, कमी केले. माणसांतली चाचणी 2002मध्ये थांबवावी लागली. सुमारे सहा टक्के रुग्णांच्या मेंदूला सूज आली. पुढे लस घेतलेल्या काहींच्या शवविच्छेदनात प्लाक जवळजवळ साफ झालेले आढळले, तरीही त्यांचा स्मृतिभ्रंश शेवटपर्यंत वाढत गेला होता. निव्वळ अमायलॉइड साचणाऱ्या उंदरांत टाऊ या दुसऱ्या प्रथिनाच्या गुंतवळी होत नाहीत, आणि बहुतेकांत चेतापेशीही फारशा मरत नाहीत. 'उंदरांत अल्झायमर बरा झाला' असा मथळा म्हणूनच मला खटकतो. कोणता वाण, किती वयाचा, उपचार प्लाक साचण्याआधी की नंतर, एवढं तरी त्याखाली छापायला हवं.