भुताशी माझं भांडण उरलं नाही

भुताच्या सिनेमांना माझा विरोध होता आणि तो मी वर्गात, सभेत, घरात कुठेही लपवला नाही. मुलुंडच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. रविवारी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांसाठी घाटकोपर, विक्रोळी, भांडुपच्या वस्त्यांत जात होते. 1993 साली रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात येणारी मुलं गृहपाठाचं काही बोलत नसत, रात्रीचा भाग एकमेकांना रंगवून सांगत बसत. आम्ही वस्तीत जाऊन जे समजावतो, ते हे लोक एका रात्रीत धुऊन काढतात, असं मला मनापासून वाटे.

या रागाला कारण होतं. घाटकोपरच्या भटवाडीतल्या एका सुनेला बाळंतपणानंतर भास होऊ लागले, झोप उडाली. घरच्यांनी तिला आधी बुवाकडे नेलं. मिरच्यांची धुरी दिली, मारहाण झाली. मानसोपचार तज्ज्ञांपर्यंत ती पोचली तोवर तिचे फार हाल झाले होते. पुढे औषधांनी ती बरी झाली. मात्र 'हिच्या अंगात हडळ आहे' हे सासूला कशावरून वाटलं, असं मी विचारलं तेव्हा तिने केलेलं वर्णन, पांढरी साडी, मोकळे केस, घोगरा आवाज, थेट पडद्यावरून उतरलेलं होतं. त्या दिवसापासून असले सिनेमे बंद व्हावेत, या मागणीच्या प्रत्येक पत्रावर मी सही केली.

आज मी तशी सही करणार नाही.

हा बदल एकाएकी झाला नाही. भटवाडीतच बायकांच्या बचत गटापुढे आमचे चमत्कारांचे प्रयोग होत. जिभेवर कापूर जाळून दाखवायचा, पाणी शिंपडून नारळ पेटवायचा, मग त्यामागचं रसायनशास्त्र सांगायचं. बायका कौतुकाने बघत, टाळ्या वाजवत आणि घरी जात. एकदा आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्तीने विशाल फुरिया यांचा 2017चा 'लपाछपी' तिथल्या बालवाडीच्या खोलीत दाखवायचं ठरवलं. मी कडाडून विरोध केला. ती ऐकेना, म्हणून पाठीमागे जाऊन बसले.

शहरातलं एक जोडपं पैशांच्या भानगडीतून लपायला उसाच्या शेतातल्या एकाकी घरात येतं. बायको, म्हणजे पूजा सावंत, गरोदर, दिवस भरत आलेले. घरात उषा नाईक यांनी केलेली तुळसाबाई. पोरांचे खेळण्याचे आवाज, सावल्या, सगळं नेहमीचंच. पण हळूहळू कळतं की या घरात मुलीचा जन्म कुणालाच नको आहे, आणि भयाचं मूळ भुतात नाही, जिवंत माणसांनी केलेल्या खुनांत आहे. सिनेमा संपला तेव्हा खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक बाई म्हणाली, "मॅडम, माझंही दोनदा पाडलं." मग दुसरी बोलली. तिला गावी नेऊन मुलगाच व्हावा म्हणून एका बाबाने काहीबाही खायला घातलं होतं. त्या बायकांना मी किती वर्षं ओळखत होते! आमच्या कापूर-नारळाने त्यांच्या तोंडून यातलं एक अक्षर बाहेर आलं नव्हतं.

महाराष्ट्राने गर्भलिंग तपासणीवर बंदी घातली ती 1988 साली, देशात सगळ्यात आधी. केंद्राचा कायदा 1994चा. तरीही 2011च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली निघाल्या, आणि ऊसतोड कामगारांच्या बीड जिल्ह्यात फक्त 807. हे आकडे मी शाळेत फळ्यावर लिहिले होते. मुलं ते वहीत उतरवून घेत. उसाच्या शेतातली ती पोरं पाहिल्यावर मात्र माझ्या मनात पहिल्यांदा आलं की बीडच्या त्या आकड्यात न जन्मलेल्या मुली आहेत, आणि कुणीतरी त्यांना आवाज दिला आहे.

त्यानंतर मी जुने सिनेमे पुन्हा पाहायला घेतले, यावेळी मुद्दाम, वही घेऊन. रामसेंची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. कराचीहून आलेल्या एफ. यू. रामसे यांचं लॅमिंग्टन रोडवर रेडिओचं दुकान होतं. 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' हा त्यांचा 1970चा सिनेमा पडला, पण पृथ्वीराज कपूर राक्षसी मुखवटा घालून चोरी करतात त्या एका प्रसंगासाठी लोक पुन्हा येत होते. रामसेंच्या मुलांनी ते हेरलं आणि 1972मध्ये 'दो गज जमीन के नीचे' आला. पुढे 1984च्या 'पुराना मंदिर'मध्ये सामरी नावाच्या दैत्याचा शाप आहे की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. आपल्या गावांत बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं पिढ्यान् पिढ्या मानत आले. हकनाक मेलेल्या बाईबद्दल ज्या घराला अपराधी वाटायला हवं, ते तिलाच भिऊ लागतं. रामसे या भीतीपर्यंत पोचले. पुढे मात्र सगळं त्रिशूळावर सोडून मोकळे झाले. त्रिशूळाने दैत्य हरला की बाळंतिणी का मरतात, हा प्रश्नही तिथेच संपतो. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

राम गोपाल वर्मांच्या 2008च्या 'फूंक'वरचा माझा राग तर वाढलाच आहे. त्यात देव न मानणारा इंजिनिअर बाप, करणी झालेली लहान मुलगी, हतबल डॉक्टर आणि शेवटी तिला वाचवणारा मांत्रिक. हा सिनेमा एकट्याने थिएटरात बसून पाहणाऱ्याला पाच लाखांचं बक्षीस जाहीर झालं होतं, त्याची सगळीकडे चर्चा झाली. आजारी पोरीला डॉक्टरकडून उठवून मांत्रिकाकडे न्या, हा त्यातला सल्ला कुणाला खटकला नाही. भटवाडीतल्या सुनेच्या घरात नेमकं हेच घडलं होतं. सिनेमात भूत आहे की नाही, एवढंच मी इतकी वर्षं पाहत होते. आता पाहते, शेवटी कोण जिंकतं आणि दोष कुणावर ठेवला जातो.

घरातला छळ दाखवणं 'लपाछपी'सारख्या कमी पैशांच्या सिनेमालाच का जमतं, याचाही विचार केला. अंधेरीला आरामनगरच्या बाजूला फिरलं तर छोट्या निर्मात्यांचं गणित कळतं: एक बंगला, चार कलाकार, रात्रीचं शूटिंग, बाकीचं साऊंडवर. अंधारात सेट लागत नाही, आणि दाराची करकर डबिंग स्टुडिओत स्वस्तात होते. पैसा नसल्यामुळे गोष्ट घराबाहेर पडू शकत नाही. स्वयंपाकघर, माजघर, बाळंतिणीची खोली, विहीर, इथेच तिला राहावं लागतं. बाईचा छळही याच जागांत होतो. मोठ्या सिनेमाचा कॅमेरा तिथे फारसा रेंगाळत नाही.

माझा जुना आदर्श होता अमोल पालेकरांचा 1981चा 'आक्रीत', विजय तेंडुलकरांनी लिहिलेला. मानवतच्या हत्याकांडावर, गुप्तधनासाठी दिलेल्या नरबळींवर. भूत नाही, चमत्कार नाही, आणि आजही तो मला मोठा सिनेमा वाटतो. पण 'आक्रीत' पाहताना मी 'त्या लोकांकडे' बघत होते. 'लपाछपी'मधली गरोदर बाई शहरातली आहे, शिकलेली आहे, आणि तिच्याबरोबर मीही त्या घरात अडकले. दोन्ही हवेत. भटवाडीत मात्र दुसऱ्याने काम केलं.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतले डॉ. दाभोलकर यांचा खून 20 ऑगस्ट 2013ला झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला, वर्षअखेरीस कायदा झाला. तो मी पुन्हा वाचला. भूत मानणं किंवा भुताची गोष्ट सांगणं हा त्यात गुन्हा नाही. गुन्हा आहे तो भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला साखळीने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं. गर्भाचं लिंग बदलून देतो, असा दावा करणंही गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कायद्याने रेघ जिथे ओढली आहे तिथेच ती मीही ओढायला हवी, असं आता मला वाटतं.

म्हणून माझ्या जुन्या सहकाऱ्यांना एक विनंती. भुताच्या सिनेमावर बंदीची पत्रं लिहू नका. मांत्रिकाला डॉक्टर करणाऱ्या सिनेमांवर टीका करा, नाव घेऊन करा. 'लपाछपी' आपल्या सोसायटीत, बचत गटात, महिला मंडळात दाखवा आणि नंतर दिवे लावून तासभर नुसतं ऐकत बसा. या कायद्यान्वये तक्रार घ्यायला पोलिसांत दक्षता अधिकारी नेमायची तरतूद आहे. आपल्या ठाण्याच्या हद्दीत तो कोण आहे हे आधी विचारून ठेवा, आणि त्या बायका उठून जाण्याआधी त्याचं नाव आणि फोन नंबर त्यांच्या हातात द्या.