मामांच्या मिरचीच्या फ्लॉप्या

वाणगावात भात निघालं की मिरची लागते. आमच्या मामांनी ती जन्मभर केली आणि लिहूनही ठेवली: रोपं कधी लावली, बोकड्या रोग कधी पडला, वाशीला काय भाव मिळाला. वह्या वाळवीने खाल्ल्या. पण त्यातली काही वर्षं त्यांनी बोईसरच्या एका टायपिंगवाल्याकडून कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. त्या फ्लॉप्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या आणि वाचायचं काम मी अंगावर घेतलं. मला कॉम्प्युटरवर अर्ज लिहिण्यापलीकडे काही येत नाही.

डहाणू लोकलने निघालो आणि पुढे गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवर यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह मिळाला. दुकानदार म्हणाले, "घालायच्या आधी फ्लॉपीचा पत्रा सरकवून बघा." सरकवला. आतल्या तपकिरी चकतीवर पांढरे ठिपके होते. ती बुरशी. आमच्या किनाऱ्याची दमट हवा तिला मानवते. ड्राइव्हमधलं वाचणारं हेड फिरत्या चकतीला टेकलेलंच असतं. बुरशी त्याला चिकटली की ते चकतीवरचा चुंबकीय थर खरवडतं आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीचीही वाट लावतं. त्या दिवशी ड्राइव्ह पिशवीतच राहिला.

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं. मागची धातूची चकती अंगठ्याने फिरवायची, पत्रा धरून ठेवायचा, कापसाच्या काडीने दोन्ही बाजू हलक्या हाताने पुसायच्या आणि पूर्ण वाळू द्यायच्या. काडी तपकिरी झाली की थांबायचं, कारण तो मळ नसतो, मामांची मिरचीच निघत असते. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं केलं की फ्लॉपीवर काही लिहिलं जात नाही. उघडं म्हणजे बंद, हे डोक्यात बसायला वेळ लागला.

पहिली फ्लॉपी घातली तर कॉम्प्युटर विचारतो, फॉरमॅट करू का? मला वाटलं, दुरुस्त करतो म्हणतोय. तारापूर एमआयडीसीत कामाला असलेला शेजारचा मुलगा फोनवर ओरडला, "काका, नाही म्हणा!" फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी. संध्याकाळी येऊन त्याने समजावलं: फाइल उघडायच्या नादी लागायचं नाही, आधी अख्ख्या फ्लॉपीची नक्कल काढायची. 80 ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येकावर 18 सेक्टर, म्हणजे एकूण 2880. एका सेक्टरमध्ये 512 बाइट. डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम सोपे सेक्टर आधी उचलतो, अडलेल्यांकडे मागाहून वळतो आणि काय राहिलं याचा नकाशा ठेवतो. म्हणून तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून उरलेलं तेवढंच मागता येतं. दोन ड्राइव्हची हेडं केसभर इकडेतिकडे असतात, त्यामुळे एकाला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं. आम्हाला तसं दिसलंही.

फाइल उघडली तर आत इंग्रजी अक्षरांचा कचरा. सगळं गेलं, असं वाटून मी गप्पच बसलो. गेलं काहीच नव्हतं. युनिकोड रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धे वर्ण बसवत. श्रीलिपी, आकृती, प्रत्येकाची मांडणी वेगळी. नेमका फॉन्ट लावल्यावर पडद्यावर आलं: 'ज्वाला. दुसरी तोडणी.' ज्वाला ही मिरचीची जात. मामांनी चष्मा लावून तारीख वाचली आणि त्या वर्षी लागवड उशिरा का झाली ते सांगत बसले.

मधेमधे कोरे पट्टे आहेत. एक सेक्टर गेला की चार-पाच ओळी जातात. तिथे मी अंदाजाने काही भरलेलं नाही. सेक्टरचा क्रमांक लिहून जागा सोडली आहे, कारण बोकड्या कोणत्या लागवडीवर पडला हे मामांचा नातू आता त्यातून बघतो आहे. काही फ्लॉप्या अजून अजिबात वाचल्या जात नाहीत. त्यांच्यासाठी ग्रीझविझल नावाची छोटी सर्किटची पाटी मागवली आहे. ती सेक्टरच्या भानगडीत न पडता चुंबकीय खुणाच जशाच्या तशा उतरवते. तिला यूएसबीचा ड्राइव्ह चालत नाही, जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातला लागतो. बोईसर-पालघरच्या भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय. तुमच्या माळ्यावर असा कॉम्प्युटर पडून असेल, तर कृपा करून मोडीत काढू नका.