होडी, हरिपंत आणि बेंच

शनिवारी बाबांना घेऊन सिद्धटेकला गेलो. दौंडहून शिरापूरला पोचलं की समोर भीमा, पलीकडे देऊळ. पूर्वी इथे होडीशिवाय गत्यंतर नव्हतं. आता पुलावरून गाडी थेट जाते. पण बाबा हटूनच बसले, "होडीनंच जायचं." शेवटी एका कोळी मामांना पटवलं.

नदीच्या मधोमध वल्ह्यांचा आवाज सोडला तर सगळं शांत. दोन महिने लपवलेलं तिथेच बोलून टाकलं, "बाबा, मी बेंचवर आहे. प्रोजेक्टच नाहीये."

बाबा गप्प. (झालं, आता लेक्चर!)

अहिल्याबाईंनी बांधलेल्या देवळात दर्शन झालं. बाहेर आल्यावर म्हणाले, "पेशव्यांच्या हरिपंत फडक्यांचं सेनापतिपद गेलं होतं. एकवीस दिवस रोज एकवीस प्रदक्षिणा घातल्या त्यांनी इथे, असं सांगतात. पद परत मिळालं."

इथली प्रदक्षिणा म्हणजे अख्ख्या टेकडीला वळसा, सुमारे ५ किलोमीटर! मी लगेच हिशोब केला, "बाबा, रोजचे शंभरच्या वर होतात. शक्यच नाही."

"बरं, मग एक घालू. तसाही मोकळाच आहेस."

गुडघा दुखत असूनही पूर्ण वळसा चालले माझ्याबरोबर. बेंचचा विषय मात्र पुन्हा काढला नाही.